अडतीस नंबरचा बर्थ : एका भटक्या नायकाच्या कादंबरीचं संपादन

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रकाशनाचं आणि एका पहिलटकर लेखकाचं आहे. ओळख पटू नये म्हणून कादंबरीचं आणि माणसांची नावं वगळली आहेत, काही तपशीलही बदलले आहेत. विनोदी साहसकथा, त्यातही परदेशात निरुद्देश भटकणारा तरुण नायक, हा प्रकार मराठीत लिहायला सोपा वाटतो. संपादनाला बसलं की तो किती अवघड आहे हे कळतं.

पार्श्वभूमी

लेखक एकतीस वर्षांचा, मंगळवार पेठेतला. हस्तलिखित एक लाख बारा हजार शब्दांचं. डेमी आकारात पानाला साधारण तीनशेदहा शब्द बसतात. त्या हिशेबानं तीनशेसाठच्या वर पानं, म्हणजे सोळा पानांचे तेवीस फर्मे. नव्या लेखकाच्या पाचशे प्रतींसाठी हा आकडा प्रकाशकाच्या पोटात गोळा आणणारा होता.

गोष्ट अशी : पेठेतल्या चार मित्रांनी रशियाला जायचं ठरवलं. तिघांना नोकरीतून रजा मिळाली नाही, त्यामुळे नोकरीच नसलेला नायक तेवढा उरला. पाठीवर पिशवी, पिशवीत भडंग आणि कांदा-लसूण मसाला, पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. तो मॉस्कोला उतरतो, चुकून भलत्याच गाडीत बसतो आणि सैबेरियात पोचतो. मूळ खर्ड्यात हे सगळं २०१९च्या जुलै-ऑगस्टमध्ये घडत होतं. कारण शेवटच्या प्रकरणांत कोल्हापूरचा महापूर होता आणि आई फोनवर पाणी कुठवर चढलं ते सांगत होती.

लेखक स्वतः २०१८च्या फुटबॉल वर्ल्ड कपला बारा दिवस रशियात होता. मॉस्को आणि येकातेरिनबुर्ग त्यानं पाहिलं होतं. त्यापुढचं सगळं ऐकीव आणि वाचीव. ही गोष्ट त्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकली, त्यामुळे बरेच कष्ट वाचले.

अडचण

भाषा झकास होती. प्रकरणं सुटीसुटी वाचली की हसू यायचं. पण तीन वाचकांना खर्डा दिला (एक निवृत्त मराठी शिक्षक, एक पेठेतला खेळाडू, एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी), तर तिघंही पान एकशेदहा ते एकशेतीसच्या दरम्यान थांबले. कंटाळा आला असं कुणी म्हणालं नाही. ‘वेळ मिळाला की वाचतो’ म्हणाले. संपादकाच्या लेखी याचा अर्थ एकच होतो.

कारण शोधायला संपादिकेनं एक साधी युक्ती केली. सहाव्या आणि नवव्या प्रकरणाच्या छापील प्रतींची अदलाबदल करून चौथ्या वाचकाला दिलं. त्याला पत्ताच लागला नाही! प्रकरणं पत्त्यांसारखी पिसता येत असतील तर पुढच्या पानाची ओढ कुठून येणार? नायकाला कुठं पोचायचं नव्हतं, याला इलाज होता. खरी अडचण अशी की त्याला काहीच अडवत नव्हतं. पैसे संपत नव्हते, मुदत संपत नव्हती. सहाव्या प्रकरणात हरवलेली पिशवी नवव्यात परत पाठीवर होती. निघताना भडंगाची चार पाकिटं घेतलेल्या माणसानं अकराव्या प्रकरणापर्यंत सात संपवली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बहुतेक संपादक आधी सुचवतात : नायकाला ध्येय द्या. सोव्हिएत काळात शिकायला गेलेला आणि परत न आलेला काका शोधायचा, असं ठरवून लेखकानं तीन पानं लिहून आणली. विनोद जागीच मेला. प्रत्येक प्रसंगात नायक फोटो दाखवत चौकशी करू लागला आणि वाचक काकाची वाट बघू लागला.

दुसरा, कादंबरीपण सोडून प्रवासवर्णन करायचं. विक्रेत्याला कपाट कुठलं ते लगेच कळतं, हा त्यातला फायदा. पण लेखक सैबेरियातल्या इर्कुत्स्कला गेलाच नव्हता. कादंबरीत हे चालतं, प्रवासवर्णनात ती थाप ठरते. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला. तीन प्रकरणं दिवाळी अंकांना द्यायची आणि बाकी बासनात बांधायचं, हाही विचार झाला; लेखकानं होकार दिला नाही.

उरला चौथा : नायक तसाच ठेवायचा, पण त्याच्या भोवतीचं जग रेल्वेच्या वेळापत्रकाइतकं काटेकोर करायचं. निरुद्देश माणूस मोकळ्या मैदानात फिरला तर गंमत नाही. खिडकी बंद व्हायला चार मिनिटं असताना तो रांगेत गप्पा मारत उभा राहिला तर आहे.

काय केलं

*वही.* दोनशे पानी वहीत प्रत्येक प्रकरणाला एक पान दिलं. रकाने सहा : तारीख, स्थानिक वेळ, मॉस्कोची वेळ, खिशात किती रूबल, पिशवीत काय, पायात काय. लेखकानं स्वतः भरायची, संपादिकेनं तपासायची. रूबल तेव्हा साधारण एक रुपया दहा पैशांचा होता, तोच भाव सगळीकडे धरला. पहिल्या फेरीतच दिसलं की बाराव्या प्रकरणात नायकाचे पैसे उणे होतात आणि तरी तो दोघांचं बिल देतो. पायाच्या रकान्यानंही काम केलं. बैकाल सरोवरात चपलेसकट उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच चपलेवर पळत होता. झाडाच्या सालीनं कमावलेलं ते चामडं पाणी पितं आणि तेल न देता वाळवलं की फळीसारखं कडक होतं. कोल्हापुरातला वाचक हे माफ करणार नाही. नवीन खर्ड्यात तो अनवाणी पळतो आणि चपला हातात असतात.

*साल.* सगळ्यात मोठा निर्णय इथं झाला. २०१९च्या खर्ड्यात नायक नेहमीच्या पर्यटक व्हिसावर होता. तो तीस दिवसांचा आणि मुक्काम एकेचाळीस दिवसांचा. संपादिकेनं विचारलं, गोष्ट २०१८लाच का नाही? ‘वर्ल्ड कपवर सगळेच लिहितात,’ हे लेखकाचं उत्तर. पण २०१८मध्ये तिकीटधारक प्रेक्षकांना फॅन आयडीवर (प्रेक्षकाच्या ओळखपत्रावर) व्हिसाशिवाय प्रवेश होता. आत यायला ४ जूनपासून १५ जुलैपर्यंत, बाहेर पडायला २५ जुलैपर्यंत. म्हणजे नायकाजवळ एका सामन्याचं एकच तिकीट असलं तरी महिनाभराची मोकळीक आणि डोक्यावर टांगलेली तारीख, दोन्ही आपोआप मिळत होतं.

सामना निवडला जपान-सेनेगल, २४ जून, येकातेरिनबुर्ग. तिसऱ्या श्रेणीचं तिकीट १०५ डॉलरचं. या शहरातल्या मैदानाला तात्पुरत्या बैठका चक्क स्टेडियमच्या भिंतीबाहेर उभ्या केल्या होत्या. नायकाला तिथंच बसवलं. तिकीट असलेल्यांना यजमान शहरांमधल्या खास गाड्या फुकट होत्या, त्यामुळे मॉस्कोहून तिथवरचा खर्च शून्य. पुढं इर्कुत्स्क हे यजमान शहर नव्हे, तिथपासून खिसा हलका व्हायला लागतो. वहीतला रूबलचा रकाना या जागेपासून जिवंत झाला.

एक काटा होता. फॅन आयडी असलेल्यांना वर्षअखेरपर्यंत व्हिसाशिवाय येता येईल, ही घोषणा अंतिम सामन्याच्या दिवशी, म्हणजे १५ जुलैलाच झाली. जाणकार वाचक म्हणणार, मग २५ तारखेचा बाऊ कशाला? यावर दोन आधार दिले. नुसती घोषणा दाखवून सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढं उभं राहणं वेगळं. आणि नायकाला रशियन येत नव्हतं, फोन बंद होता. सगळ्या डब्याला माहीत असलेली बातमी त्याला एकट्याला माहीत नाही, यातून एक अख्खं प्रकरण निघालं.

किंमत मात्र मोजावी लागली. साल मागं नेलं की महापूर गेला. लेखक दोन दिवस फोन उचलेना. मग आला आणि म्हणाला, “ताई, पूर काढला तर पुस्तकात कोल्हापूर उरतंय काय?” संपादिकेनं उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, “तुमच्या आई साध्या पावसाळ्यात फोनवर काय सांगतात?” तो म्हणाला, “बंधारा बुडाला म्हणून सांगत्यात.” पंचगंगेवरचा राजाराम बंधारा बहुतेक पावसाळ्यांत पाण्याखाली जातो, पाणी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे कोल्हापुरात पोराबाळांनाही पाठ असतात. तेच धरलं. आई दर फोनला बंधाऱ्याची खबर देते आणि नायक दर वेळी विचारतो, “किती फूट?” २०१८च्या तारखांना नेमके किती फूट पाणी होतं ते पुस्तकात दिलं नाही, आई आकडा सांगायच्या आत फोन तुटतो.

*सवय.* ध्येय नाकारलं तरी माणूस काहीतरी धरून चालतो. मूळ खर्ड्यात नायक चुकून चुकीच्या गाडीत चढत होता. आपल्याकडं हे घडतं : आधी चढायचं, मग टीसीला शोधायचं. तिथं डब्याच्या दाराशी रेल्वेची सेविका (प्रवदनीत्सा) पासपोर्ट आणि तिकिटावरचं नाव ताडून मगच वर घेते. चुकून चढणं जवळजवळ अशक्य. मग चूक तिकीट खिडकीवर न्यावी लागली. नायकाला सवय दिली : रांगेत पुढच्यानं जे मागितलं तेच मागायचं. मिसळीच्या गाड्यावर त्यानं आयुष्यभर हेच केलेलं. येकातेरिनबुर्गच्या खिडकीवर पुढं जपानी प्रेक्षक होता, तो बैकालला निघालेला. नायकानं त्याच्याकडं बोट दाखवलं आणि पासपोर्ट आत सरकवला. ही सवय मिळाल्यावर पाच प्रकरणं एकमेकांना आपोआप जोडली गेली.

*बर्थ.* लेखकानं नायकाला बाहत्तर नंबरचा बर्थ दिला होता. हाताची सवय, आपल्या जुन्या स्लीपर डब्यात बाहत्तर बर्थ. रशियातल्या उघड्या तिसऱ्या वर्गात, प्लाट्सकार्टमध्ये, चोपन्नच. बदलून अडतीस केला आणि त्या आकड्यानं लेखकाला फुकटात तीन विनोद दिले. अडतीस म्हणजे डब्याच्या पार टोकाचा, संडासाला लागून असलेला बाजूचा वरचा बर्थ. गरम पाण्याचा बंब सेविकेजवळ, म्हणजे बरोबर दुसऱ्या टोकाला; धातूच्या होल्डरमधला चहाचा ग्लास घेऊन नायकाला झोपलेल्यांचे पाय चुकवत अख्खा डबा ओलांडावा लागतो. खालचा सदतीस नंबर दिवसा दुमडून टेबल आणि दोन खुर्च्या होतो, म्हणजे खालच्या आजीबाई उठल्याशिवाय याला बसायला जागा नाही. आणि जुन्या डब्यांत स्टेशनच्या आधी-नंतर संडासाला कुलूप लागतं. दोन दिवसांत नायक त्या रांगेचा आपसूक मुकादम होतो.

रशियन संवादांसाठी नियम केला : नायकाला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळेल, तळटीप नाही. यातून एक खरीखुरी मजा हाती आली. रशियनमध्ये चहाला ‘चाय’ आणि साखरेला ‘साखर’सारखंच म्हणतात. नायक सरळ आपल्याकडच्यासारखं ‘चाय, साखर’ म्हणतो आणि दोन्ही मिळतं. त्यानंतर त्याची खात्री पटते की आपल्याला रशियन येतं. पुढची सगळी फजिती त्या आत्मविश्वासाची.

*घड्याळ.* यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. रशियन रेल्वेच्या तिकिटावर ३१ जुलै २०१८पर्यंत मॉस्कोची वेळ छापली जायची, स्टेशनातली घड्याळंही मॉस्कोची वेळ दाखवायची. १ ऑगस्टपासून स्थानिक वेळ आली. २०१९च्या खर्ड्यात वेळेच्या घोळाचा विनोद मुळातच खोटा होता, २०१८ला तो खरा झाला. पण दिशा उलटी होती. लेखकानं लिहिलं होतं : तिकिटावर ०३:१०, नायक ती स्थानिक वेळ समजतो, म्हणून गाडी चुकते. इर्कुत्स्क मॉस्कोच्या पाच तास पुढं. मॉस्कोचे ०३:१० म्हणजे तिथले सकाळचे ०८:१०. स्थानिक समजून पहाटे तीनला गेलेला माणूस गाडी चुकवत नाही, पाच तास आधी पोचतो!

गाडी चुकवायची तर चूक दोनदा व्हायला हवी. उपाय असा निघाला : घरमालकीण बाई मायेनं तिकिटावर पेनानं स्थानिक वेळ लिहिते, ८:१०. नायक ती छापील समजतो. स्टेशनात शिरतो तेव्हा घड्याळात आठ वाजलेत. दहा मिनिटं हाताशी! तो शांतपणे चहा घेतो. प्रत्यक्षात ते मॉस्कोचे आठ आहेत, बाहेर दुपारचा एक वाजलाय आणि गाडी पाच तासांमागं गेलीये. पण सकाळ आहे की दुपार हे माणसाला कळणार नाही का? त्यासाठी तीन खुंट्या ठोकल्या : आदल्या रात्रीचं जागरण, बंद फोन, दाट ढग. तिन्ही आधीच्या प्रकरणांत, सहज जाता जाता पेरलेल्या. एक जरी काढली तर वाचक नायकाला मूर्ख म्हणतो. तिन्ही असल्या की बिचारा म्हणतो.

तारीख २० जुलै ठेवली. तिथून मॉस्को ५,१८५ किलोमीटर, गाडीनं तीन-साडेतीन दिवस. म्हणजे ही गाडी मिळाली असती तर २५च्या आत तो आरामात बाहेर पडला असता.

*कात्री.* वर्णनाची चौदा हजार शब्दांची चरबी (राजवाडे, संग्रहालयं, इतिहास) सरसकट गेली. रशियन माणसांच्या दिसण्यावरचे विनोदही गेले. ते कुणीही करतं. शेवटी शहात्तर हजार शब्द उरले, छपाईत सुरुवातीच्या पानांसकट दोनशेछप्पन्न पानं, सोळा फर्मे.

जे बिघडलं

बिघाड झाला तो मुद्रितशोधनात. लेखकाची जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये बदलताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं. हे अपेक्षित होतं, शोधा-बदलानं निस्तरलं. पण मुद्रितशोधक नवे होते आणि कामात चोख. त्यांनी संवादांतलं ‘कुठं’चं ‘कुठे’ केलं, ‘चाललाईस’चं ‘चालला आहेस’ केलं. आई म्हणते, “मी झोपतो आता, तू खाऊन घे.” कोल्हापुरात बाया असंच बोलतात. त्याचं ‘झोपते’ झालं. दुसऱ्या प्रुफाला लेखकानं पाहिलं आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते छापण्यासारखं नव्हतं.

बदल खुणा न ठेवता थेट फाइलमध्ये केले होते. जुन्या छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून मूळ रूपं परत आणायला नऊ दिवस गेले. दोष मुद्रितशोधकांचा नव्हता. बोलीभाषेच्या शब्दांची यादी त्यांना कुणी दिलीच नव्हती. शुद्धलेखनाच्या नियमांत पात्राच्या तोंडच्या बोलीला मुभा आहे, पण कुठलं वाक्य बोली आणि कुठली चूक हे बाहेरच्या माणसानं कशावरून ओळखायचं?

काय हाती लागलं

पाचशे प्रती छापल्या, वर्षभरात पावणेचारशेच्या आसपास गेल्या. विक्रेत्यांची सूट जाऊन छपाईचा खर्च निघाला, लेखकाला थोडं मानधन मिळालं. पहिल्या खर्ड्याच्या तीन वाचकांपैकी दोघांनी पुस्तक संपवलं. शिक्षक या वेळीही अडकले, पण पान दोनशेवर. त्यांचं म्हणणं, बाथहाउसचं प्रकरण लांबलंय. ते बरोबर आहे.

पुन्हा करायचं झालं तर

वही पहिल्या खर्ड्यानंतर नाही, आधी हवी होती. लेखकानं लिहितानाच ती भरली असती तर निदान दोन महिने वाचले असते. मात्र सगळ्याच लेखकांना हे मानवेल असं नाही. काहींचा हात रकाने बघून आखडतो. अशांना पहिला खर्डा मोकळा लिहू द्यावा आणि वही संपादकानं भरावी.

बोलीच्या साठ-सत्तर शब्दांची यादी हस्तलिखितासोबतच मागवावी, आणि मुद्रितशोधनाच्या प्रतीवर बदल खुणांसह हवेत अशी अट घालावी. नकाशा घालायला हवा होता. खर्च वाढतो म्हणून गाळला, आणि वाचकांनी सगळ्यात जास्त मागितला तो तोच.

साल बदलल्यावर संपूर्ण मजकूर नव्या सालाच्या नजरेनं एकदा सलग वाचायचा, हे राहून गेलं. तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त्या झाल्या. पंधराव्या प्रकरणात नायक आजीबाईंना सांगतो, ‘त्या महापुरात आमच्या गल्लीत होड्या चालल्या.’ २००५चा पूर म्हणावा, तर पुढच्याच वाक्यात तो मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतो. शिवाजी पेठेतल्या एका वाचकानं फोन करून विचारलं, की २०१८च्या जुलैत पोरानं २०१९चा पूर कसा दाखवला? पुढच्या छपाईसाठी त्या जागी लेखकानं चार पर्याय लिहून पाठवलेत. चारही पुराचेच आहेत.